पोळ्या मोजणारा साहेब

धायरी फाट्यावरून आत वळलं की तिसऱ्या गल्लीत दहा बाय बाराचा एक गाळा आहे. बाहेर 'घरगुती पोळी-भाजी मिळेल' असा फलक. आत दोन मोठे तवे, लाटणाऱ्या-भाजणाऱ्या तीन बायका आणि कोपऱ्यात पिठाचं निळं पिंप. सकाळचे सव्वाअकरा वाजलेत, डब्यांची गर्दी नुकतीच ओसरलीय. पाठीला लॅपटॉपची बॅग अडकवलेला सव्वीस-सत्तावीस वर्षांचा एक मुलगा दारातल्या स्टुलावर टेकलाय.

"मावशी, एका किलोत पोळ्या किती होतात?"

"कोणत्या? फुलके का घडीच्या?"

"तुम्ही विकता त्या."

"अठ्ठावीस. हात बसला तर तीस."

"आणि पीठ रोज किती लागतं?"

"पंचवीस किलो. एकादशीचं विचारू नका."

तो लिहून घेतो. मग गॅसच्या टाकीकडे वळतो. मोठी टाकी किती दिवस पुरते? अडीच दिवस. बायकांना रोज काय? पाचशे. गाळ्याचं भाडं? अठरा हजार. तेलाचा डबा कुठून आणता? एवढं झाल्यावर तो उठून समोरच्या गिरणीत जातो आणि गिरणीवाल्याला सहज विचारल्यासारखं विचारतो, "काका, समोरच्या मावशींचं दळण किती असतं हो?" गिरणीवाला वही न बघताच सांगतो, "पंचवीस. कधी सव्वीस." मुलाच्या चेहऱ्यावर समाधान.

हा मुलगा एका गृहवित्त कंपनीचा क्रेडिट ऑफिसर. लातूरकडचा, बी.कॉम. झालेला. या भेटीला धंद्यात 'पीडी' म्हणतात, म्हणजे पर्सनल डिस्कशन. ज्याच्याकडे पगाराची स्लिप नाही त्याची कमाई अशी पिठावरून, टाकीवरून, शेजाऱ्याच्या तोंडून काढली जाते. चहाच्या टपरीवर दुधाच्या पिशव्या मोजतात, सलूनमध्ये खुर्च्या आणि रविवारची गर्दी, शिंपीकाकांकडे कपाटात लटकलेले तयार ब्लाउज. उसाच्या शेतकऱ्याकडे कारखान्याची बिलं मागतात.

पोळीवाल्या मावशींना हे सगळं नवं होतं. गेली तीन वर्षं त्या एकाच वाक्यावर अडून होत्या: "आपल्याला कोण देतंय कर्ज? ना स्लिप, ना फॉर्म सोळा." कुणी नाही म्हटलेलं नव्हतं, कारण कुणाला विचारलंच नव्हतं. गृहकर्जाच्या बाबतीत माणसं बँकेत जाण्याआधीच स्वतःला नापास करून टाकतात. नाहीतर याच्या उलट, स्वतःला आधीच पास समजून बिल्डरला पाच लाखांचं टोकन देऊन बसतात. दोन्ही जातीची माणसं गेल्या उन्हाळ्यापासून मी सिंहगड रस्त्यावरच्या एका छोट्या ऑफिसात बसून पाहिली. ऑफिस एका डीएसएचं, म्हणजे बँकांसाठी कर्जाच्या फायली गोळा करणाऱ्या एजंटाचं. लोक त्याला 'लोनवाले' म्हणतात, तोंडावर 'सर'. अठरा वर्षं या धंद्यात. टेबलावर काच, काचेखाली तुळजाभवानीचा फोटो, आणि त्याच्याशेजारी आठ बँकांचे व्याजदर लिहिलेला, पेन्सिलनं पुन्हा पुन्हा खोडलेला कागद.

*

या ऑफिसात मला सगळ्यात लक्षात राहिलेला माणूस चाकणच्या एका कारखान्यातला सुपरवायझर. वय एकेचाळीस, नोकरी सोळा वर्षं एकाच ठिकाणी, हातात अठ्ठावन्न हजार. इस्त्रीचा शर्ट, फाइल नीट लावलेली. एका बँकेनं त्याचा अर्ज परत पाठवला होता आणि तो संतापला होता. "आमच्या घराण्यात कुणी कुणाचं एक रुपया देणं ठेवलं नाही सर. वडील गेले तेव्हा किराणावाल्याचीसुद्धा बाकी नव्हती. आणि मला नाही म्हणतात?"

लोनवाल्या सरांनी त्याचा पतमाहिती अहवाल स्क्रीनवर उघडला. गुणांच्या जागी दोन अक्षरं होती: एनएच. म्हणजे नो हिस्ट्री, इतिहास नाही. कार्ड नाही, मोबाइलसुद्धा रोखीनं घेतलेला, गाडी वडिलांनी ठेवलेल्या पैशातून. सोळा वर्षांच्या स्वच्छ आयुष्याचा कागदावर मागमूस नव्हता.

मराठीत 'पत' हा शब्द आहे तो नुसत्या पैशाचा नाही. पत म्हणजे गावातला शब्द, वाण्याकडचं नाव, चार माणसांत उभं राहता येणं. त्या हिशेबात ज्याच्यावर कर्ज नाही त्याची पत मोठी, आणि सुपरवायझरच्या घरात हा हिशेब तीन पिढ्या पाळला गेला. बँकेचं गणित वेगळं आहे. तिला तुमचं चारित्र्य कळायचा मार्ग नाही, नोंद तेवढी कळते. तुम्ही घेतलं आणि ठरल्या तारखेला परत दिलं, अशी नोंद. ज्यानं कधी घेतलंच नाही तो कसा देईल, हे तिला सांगता येत नाही.

तरी त्या बँकेनं नाही म्हणायची गरज नव्हती. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे, आणि २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात अर्थ मंत्रालयानं लोकसभेत तेच सांगितलं. त्याच उत्तरात हेही होतं, की कर्जासाठी किमान अमुक गुण हवेत असा कुठलाही आकडा रिझर्व्ह बँकेनं ठरवून दिलेला नाही. म्हणजे 'साडेसातशेच्या खाली कर्ज मिळत नाही' हे जे चहाच्या टेबलावर ठामपणे सांगितलं जातं, तो कायदा नव्हे. प्रत्येक बँक आपली रेघ आपण ओढते. सातशेच्या आसपास कर्ज मिळतं, फक्त पुष्कळ ठिकाणी पाव-अर्धा टक्का जास्त मोजावा लागतो. वीस वर्षांत तो अर्धा टक्का काय करतो, हे सांगायला सर टेबलाच्या खणातून कॅल्क्युलेटर काढतात आणि समोरचा माणूस खुर्चीत सरळ होतो. सुपरवायझरचं काम पुढे दुसऱ्या बँकेत झालं, भविष्य निर्वाह निधीचा उतारा आणि दोन वर्षांचं पगाराचं खातं पाहून. पण तो जाताना म्हणाला ते मला अजून आठवतं: "म्हणजे मुलाला सांगू का, थोडं कर्ज काढत जा म्हणून?" सर हसले नाहीत. "कार्ड घ्यायला सांगा. किराणा त्यावर भरायचा आणि महिनाअखेर पूर्ण फेडायचं. वडिलांना सांगू नका, एवढंच."

आणखी एक. आपण ज्याला सरसकट 'सिबिल' म्हणतो, ते एका कंपनीचं नाव आहे. मुंबईत २००० साली सुरू झालेली ही देशातली पहिली पतमाहिती कंपनी, म्हणून तिचं नाव सगळ्यांनाच चिकटलं, वनस्पती तुपाला डालडा चिकटला तसं. एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क अशा आणखी तीन आहेत, आणि चारही ठिकाणचे गुण जुळतीलच असं नाही. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळायला हवा, हा नियम २०१७ पासून आहे. तरी माणसं तो मागवत नाहीत. 'आपण बघितला की गुण कमी होतात' ही समजूत इतकी पक्की, की एका निवृत्त प्राध्यापकांनी सरांना अहवाल उघडू द्यायलाच नकार दिला. स्वतः पाहिल्यानं काही घटत नाही. घटतात ते बँकांनी पाहिल्यानं, म्हणजे आपण अर्ज टाकल्यावर. पोरं रात्री बारा वाजता एका दमात सात अॅपवर 'पात्रता तपासा' दाबतात. त्यातल्या काही ठिकाणी तो चक्क अर्ज असतो, आणि सकाळी अहवालात ओळीनं पाच-सहा चौकश्या. बँकेच्या डोळ्याला तो माणूस पैशासाठी वणवण करणारा दिसतो.

हा लेख लिहायला घेतला म्हणून मीही माझा अहवाल पहिल्यांदा ओळ न ओळ वाचला. हप्त्यांच्या नोंदीत महिन्यामहिन्याचे चौकोन असतात, गेल्या छत्तीस महिन्यांचे. वेळेवर भरलं तर शून्य, उशीर झाला तर जितके दिवस तितका आकडा. माझ्या एका चौकोनात ३० हा आकडा बसलेला. शोधलं तर कधीच न वापरलेल्या एका कार्डाची वार्षिक फी, ५९० रुपये. बँकेनं फोन केला होता म्हणते, मला आठवत नाही. गृहकर्जाचे हप्ते पंधरा वर्षं न चुकता भरलेल्या माणसाच्या नावापुढे ५९० रुपयांचा डाग. चुकीची नोंद असेल तर तक्रार करता येते, तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचाही नियम आहे. माझी नोंद मात्र चुकीची नव्हती. फी मी खरंच भरली नव्हती.

*

शिक्षकांबद्दल बँकांना प्रेम असतं. सरकारी पगार, बदली झाली तरी नोकरी पक्की. भोर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेवरचे एक गुरुजी जूनमध्ये आले ते तसल्याच आत्मविश्वासानं. मित्रानं त्यांना सूत्र सांगितलं होतं: पगाराच्या साठपट. कायदेशीर कपाती जाऊन हातात अडुसष्ट हजार, म्हणजे चाळीस लाख ऐंशी हजार. आंबेगावात फ्लॅट बघून ठेवलेला.

सूत्र तसं चुकीचं नाही. बहुतेक ठिकाणी सगळे हप्ते मिळून हातातल्या पगाराच्या साधारण निम्म्यापर्यंत जाऊ देतात, जास्त पगार असेल तर थोडं पुढे. गुरुजींचे निम्मे चौतीस हजार. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी लाखाला ८६८ रुपये हप्ता पडतो. भागाकार केला की एकोणचाळीस लाख येतात, साठपटीच्या जवळच. गोची वेगळ्या ओळीत होती. पगाराच्या स्लिपवर कपातींच्या रकान्यात 'सोसायटी' असं लिहून पुढे चौदा हजार.

"ते पतसंस्थेचं आहे," गुरुजी म्हणाले. "ते सिबिलला येत नाही."

येत नव्हतंही. अहवालात त्याचा पत्ता नव्हता. पण बँक अहवाल वाचते तशी स्लिपही वाचते, आणि खात्याचा सहा महिन्यांचा उताराही. महाराष्ट्रातल्या पगारदारांचं निम्मं अर्थकारण नोकरांच्या पतसंस्थांवर चालतं: बहिणीचं लग्न, बोअरवेल, मुलाची फी. ते कर्ज घरच्यासारखं वाटतं म्हणून कर्ज वाटतच नाही. सोबत मोटरसायकलचा तीन हजार दोनशेचा हप्ता. चौतीसमधून दोन्ही वजा जाता उरले सोळा हजार आठशे. पात्रता एकोणीस लाखांवर आली. गुरुजी गप्प झाले. मग सरांनी विचारलं, "सोसायटीची बाकी किती राहिलीय?" बाकी दीड लाख. म्हणजे दीड लाखाच्या बाकीपायी सोळा लाखांची पात्रता अडकून पडली होती. ठेव मोडून ती बाकी भरायची, संस्थेचा दाखला घ्यायचा आणि कपात बंद झालेली स्लिप घेऊन पुन्हा यायचं, एवढाच उपाय. ते तीन महिन्यांनी आले.

गुरुजींच्या अहवालात आणखी एक ओळ होती, ती त्यांनाही ठाऊक नव्हती. सहकाऱ्याच्या मोटारीच्या कर्जाला ते जामीन राहिले होते. आपल्याकडे जामीन राहणं हे लग्नाच्या पत्रिकेवर नाव छापून घेण्यासारखं मानलं जातं, सही केली, चहा घेतला, विसरलो. जामिनाच्या अहवालात ते कर्ज दिसतं, आणि सहकाऱ्यानं हप्ता चुकवला तर तेही. सुदैवानं सहकारी नेमाचा निघाला.

तितकं सुदैव कात्रजच्या एका कॅबचालकाच्या वाट्याला आलं नाही. लॉकडाऊनमध्ये क्रेडिट कार्डाचे शहाऐंशी हजार थकले. वसुलीवाल्यानं पस्तीस हजारांत मिटवून दिलं, पत्र दिलं. त्यानं ते पत्र लॅमिनेट करून ठेवलं होतं. ते टेबलावर ठेवून तो म्हणाला, "साहेब, मॅटर क्लोज आहे." अहवालात त्या खात्यापुढे 'क्लोज्ड' नव्हतं, 'सेटल्ड' होतं. या दोन शब्दांत फरक आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वसुलीवाला सांगणारही नाही. 'सेटल्ड'चा बँकेच्या भाषेतला अर्थ: यानं पूर्ण दिलं नाही, आम्ही नाइलाजानं सोडून दिलं. उरलेली रक्कम भरून नोंद 'क्लोज्ड' करून घेता येते, पण एक्कावन्न हजार आणि त्यावर बँक मागेल ते. सिंहगड रस्त्यावरच्या विजेच्या खांबांवर 'सिबिल क्लीन करून मिळेल' अशा चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. त्यातल्या एकाला या चालकानं आठ हजार दिले होते. नोंद बदलते ती ज्या संस्थेनं कर्ज दिलं तिनं कळवल्यावर, खांबावरच्या नंबराला त्यात हात घालायला जागाच नाही.

*

मावशींची पीडी चांगली झाली. पंचवीस गुणिले अठ्ठावीस, सातशे पोळ्या. दहा रुपयांना एक, म्हणजे दिवसाचे सात हजार, महिन्याचे सव्वीस दिवस धरून १ लाख ८२ हजार. खर्च वजा जाता सहासष्ट हजार उरत होते. भाजीचा हिशेब त्या क्रेडिट ऑफिसरनं धरलाच नाही. "भाजीचा हिशेब कुणालाच लागत नाही," तो म्हणाला. पण कागदावर त्यानं पंचेचाळीस हजार लिहिले, कारण क्यूआरवरून खात्यात येणारा पैसा निम्माच होता. बाकीचा पत्र्याच्या डब्यातून थेट गिरणीत, किराण्यात आणि भिशीत जाई. जे खात्यात दिसत नाही ते आखडूनच धरायचं, अशी त्याच्या कंपनीची रीत.

मावशी ज्याला घाबरत होत्या ते मात्र कामाला आलं. गटाचं कर्ज. एका सूक्ष्मवित्त कंपनीकडून गल्लीतल्या दहा जणींनी मिळून घेतलेलं, दर आठवड्याला एकीच्या ओट्यावर बसून भरायचं. "ते गटाचं आहे, माझं नाही," हे त्या दोनदा म्हणाल्या, लपवल्यासारखं. प्रत्येकीचं कर्ज प्रत्येकीच्या नावावर नोंदलेलं असतं. चार वर्षांत तिसऱ्यांदा घेतलेलं, एकही आठवडा न चुकलेला. सोळा वर्षांच्या नोकरीवाल्या सुपरवायझरकडे जे नव्हतं ते पोळीवाल्या मावशींकडे होतं. इतिहास.

इथवर माणूस पास. मग घर नापास झालं.

कर्जाच्या पात्रतेत दोन परीक्षा असतात हे फार थोड्यांना माहीत असतं. एक तुमची, दुसरी घराची. मावशींनी नऱ्हे भागात बावीस लाखांना वन बीएचके पाहिला होता, चौथ्या मजल्यावर, हवेशीर. कंपनीचा इंजिनिअर बघून आला. अर्ध्या गुंठ्यावर पाच मजले, मंजूर नकाशाच नाही. फाइल तिथेच थांबली. विकणारा म्हणत राहिला, "खालच्या दोघांना कर्ज झालंय." झालंही असेल, जास्त व्याज घेणाऱ्या कुठल्या तरी संस्थेकडून.

या वाक्यामागची समजूत जास्त घातक आहे. बँकेनं कर्ज दिलं म्हणजे कागद चोख, असं शिकलेली माणसंही धरून चालतात. बँकेचा वकील तीस वर्षांचा शोध घेतो तो बँकेसाठी. फी आपण भरतो, अहवाल बहुधा आपल्याला मिळतही नाही. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण आठवा. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या इमारती पाडायला सांगितल्या. तिथे राहणाऱ्या अनेकांचे गृहकर्जाचे हप्ते चालू होते. इमारत बेकायदा ठरली म्हणून हप्ता थांबत नाही. कर्ज माणसानं घेतलेलं असतं, भिंतींनी नव्हे. आपला वकील वेगळा करायला दहा-पंधरा हजार लागतात, आणि तेवढ्यावरच लोक बचत करतात. साठ लाखांच्या घराचे पडदे मात्र दीड लाखांचे.

गावाकडे तर घर बापजाद्यांचं आणि तरी तारण ठेवायला कागद नाही, अशी स्थिती होती. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती असते, ती कर भरल्याचा पुरावा, मालकीचा नाही. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोननं गावठाण मोजून बघितलं गेलं, आणि पुढे २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना आली. त्या योजनेतून मालकीची मिळकत पत्रिका हातात आलेली माणसं आता या ऑफिसात येतात. त्या कागदाकडे बघण्याची त्यांची तऱ्हा वेगळीच असते. घर पणजोबाचं, कागद गेल्या वर्षीचा.

*

"शंभर टक्के लोन करून देतो," असं कुणी म्हणालं तर सर त्याला चहा पाजून वाटेला लावतात. रिझर्व्ह बँकेची मर्यादा स्पष्ट आहे. तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या नव्वद टक्के, तीस ते पंचाहत्तर लाखांपर्यंत ऐंशी, त्यावर पंचाहत्तर. आणि किंमत म्हणजे करारावरची किंवा बँकेच्या मूल्यांककानं काढलेली, दोन्हींत कमी असेल ती. जुन्या फ्लॅटच्या व्यवहारात 'थोडे वरचे द्या' म्हणणाऱ्याला कळत नाही, की वरच्या पैशावर कर्ज मिळत नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीही त्या किमतीत धरत नाहीत, अपवाद दहा लाखांच्या आतल्या घरांचा. पुण्यात साठ लाखांच्या तयार फ्लॅटला बँक अठ्ठेचाळीस देते. बारा आपले, सात टक्क्यांनी मुद्रांक चार लाख वीस हजार, नोंदणी तीस हजार. साडेसोळा लाख खिशात असल्याशिवाय तो फ्लॅट आपला नाही. बांधकाम चालू असेल तर वर पाच टक्के जीएसटी, म्हणजे आणखी तीन लाख. मी या खुर्चीत बसून पाहिलेले सगळ्यात जास्त पडलेले चेहरे या हिशेबाच्या वेळचे. हप्त्याची तयारी सगळ्यांची असते. या साडेसोळांची कुणीच केलेली नसते.

बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क एक टक्का कमी. त्यामुळे नवरे बायकोचं नाव सुचवायला लागले आहेत, ते चांगलंच. पण यातही घोळ. पगार जोडून पात्रता वाढावी म्हणून बायको सहअर्जदार होते, आणि तिला वाटतं घरात आपला निम्मा वाटा झाला. वाटा कर्जाच्या कागदानं होत नाही. खरेदीखतावर नाव असेल तर घर, नसेल तर नुसता हप्ता. एका बँकवाल्या बाईंनी मला सांगितलं, सही घेताना त्या प्रत्येक सहअर्जदार बायकोला हळूच विचारतात, "ताई, करारात नाव आहे ना तुमचं?" नियमात हे विचारायचं कुठेच लिहिलेलं नाही.

विम्याचं थोडक्यात: कर्जासोबत जीवनविमा घेतलाच पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. मंजुरीच्या टेबलावर तो असल्यासारखं वागतात, आणि एकरकमी हप्ता कर्जातच मिसळून टाकतात. विमा घ्यावा, बाहेर भाव विचारून घ्यावा.

या सगळ्या समजुती हवेतून आलेल्या नाहीत. हसमुखभाई पारेख यांनी १९७७ मध्ये एचडीएफसी काढली तेव्हा नोकरदाराला घरासाठी कर्ज देणं हाच नवा विचार होता. त्याआधीची पिढी फंडाच्या पैशातून, निवृत्तीच्या तोंडावर बांधायची, नाहीतर सहकारी संस्थेतून. मॅनेजर ओळखीचा असणं, संचालकाची चिठ्ठी असणं, याला तेव्हा खरंच वजन होतं. काका-मामा जे सल्ले देतात ते त्या काळात खरे ठरलेले सल्ले आहेत. आजही एखादे गृहस्थ आमदारांचं पत्र घेऊन येतात. सर ते आदरानं फाइलला लावतात. ते पुढे कुणी वाचत नाही.

*

मावशींना दुसरा फ्लॅट मिळाला, धायरीतच, चोवीस लाखांचा, तिसरा मजला, लिफ्ट नाही, भोगवटा प्रमाणपत्र आहे. पंचेचाळीस हजारांचे निम्मे साडेबावीस, त्यातून गटाचा महिन्याला पडणारा तेवीसशेचा हप्ता वजा. गृहवित्त कंपनीचा दर साडेअकरा टक्के. बँकेपेक्षा तीन टक्के जास्त, आणि हा फरक म्हणजे खात्यात न दिसलेल्या पैशाची किंमत. मंजूर झाले अठरा लाख, वीस वर्षांसाठी. वरचे सहा, मुद्रांक आणि नोंदणी मिळून आणखी एक लाख अडुसष्ट हजार. सोनं आणि दोन भिश्या.

मंजुरीपत्र आलं तेव्हा मी गाळ्यावर होतो. दिवाळीच्या ऑर्डरींमुळे एका तव्यावर पोळ्या आणि कढईत शंकरपाळे. सहा पानं इंग्रजी. मावशींनी हात पुसून ते माझ्याकडे दिलं, "वाचा. पास का नापास तेवढं सांगा." मंजूर होतं, पण चौदा अटींसह. चौथ्या अटीत यंदाचं आयकर विवरण भरलेलं हवं होतं, नवव्या अटीत सोसायटीचा ना हरकत दाखला. हे सगळं होईपर्यंत पैसा मिळणार नाही आणि पत्राची मुदत तीन महिने. मुलगी शेजारी उभी होती, बारावीची. तिनं मागे पेनानं एक-दोन-तीन करून कोणता कागद कुठून आणायचा ते मराठीत लिहायला घेतलं.

"हप्ता किती?" मावशींनी विचारलं.

"एकोणीस हजार एकशे पंच्याण्णव."

त्यांनी कढईतला झारा बाजूला ठेवला. "दहाच्या पोळीत मला साडेतीन सुटतात. कर गं हिशेब."

मुलीनं फोनवर केला. "पाच हजार चारशे चौऱ्याऐंशी पोळ्या महिन्याला. सव्वीसनं भागलं तर दोनशे अकरा."

"घरभाडं सुटेल ना पण," मी म्हणालो.

"ते धरू नका. ते हिच्या कॉलेजचं." मावशी तव्यापाशी बसलेल्या बाईकडे वळल्या. "सातशेतल्या दोनशे अकरा. म्हणजे सकाळी सहाला बसलं की आठ वाजेपर्यंत लाटू त्या कंपनीच्या. मग आपल्या."

"आणि एकादशीला?" बाईनं विचारलं.

"एकादशीला भगर विकू."